गिरीश कुलकर्णी सगळीकडे सारखेच दिसतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचे गिरीश कुलकर्णी हे आवडते नट. ‘देऊळ’ पाहिल्यापासून त्यांचं जे हाती लागेल ते तो पाहतो. मित्रांचं म्हणणं, हे छोटे सिनेमे मुळात रटाळ, त्यात तुझा हा नट प्रत्येक ठिकाणी तोच: गावाकडचा हेल काढून बोलत सुटणारा. परीक्षणं वाचावीत तर सगळी कौतुकाची. मग स्वतःचं मत बनवायचं कसं? छोट्या सिनेमाला थोडं सांभाळून घ्यायचं का? आणि नट खरोखरच तोच तो करतोय की काही वेगळं करतोय, हे प्रेक्षकाने ओळखायचं कशावरून?

मी संकलक आहे. बरीच वर्षं कमी पैशांतले मराठी सिनेमे आणि लघुपट एडिट करतोय. खाली ज्यांची नावं घेतोय त्यातला एकही सिनेमा माझ्या टेबलावर आलेला नाही, त्यामुळे बोलायला मोकळा आहे.

आधी सांभाळून घेण्याचं बघू, कारण परीक्षणांतला गोडवा तिथूनच येतो. मराठीत स्वतंत्रपणे सिनेमा करणाऱ्याची ओढाताण सगळ्यांना ठाऊक असते. निर्माता मिळवायचा, पदरमोड करून शूट उरकायचं, आणि मग थिएटरवाला दुपारी साडेबाराचा एक शो देणार. हे माहीत असलेला समीक्षक हात आखडता घेतो. माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण त्याने सिनेमाचं भलं होत नाही. पैसे नसल्याच्या खुणा पडद्यावर दिसतात आणि त्या माफ कराव्यात. जत्रेच्या सीनमध्ये जत्रा विरळ असते. रात्रीच्या प्रसंगात उजेड कुठून येतोय ते कळत नाही. एखादा सीन एकाच बाजूने घेतलेला असतो, कारण दुसरी बाजू घ्यायच्या आत सूर्य मावळला. हे सगळं सोडून द्या. मात्र सीन कुठे संपवायचा, कोणत्या पात्राला कोणता नट घ्यायचा, संवादातली कोणती तीन वाक्यं उडवायची, याला पैसे लागत नाहीत. तिथे चुकलं असेल तर ते शंभर कोटींच्या सिनेमाइतक्याच सडेतोडपणे सांगायला हवं.

दुसरा घोळ विषयाचा. शेतकऱ्याची आत्महत्या, जात, विस्थापन असा विषय असला की परीक्षणाचे चार परिच्छेद विषयावर जातात आणि अभिनयाच्या वाट्याला एक ओळ येते: ‘सर्वांनीच सहजसुंदर अभिनय केला आहे.’ ही ओळ वाचली की खुशाल समजावं की लिहिणाऱ्याने अभिनय पाहिलेला नाही.

आता अभिनय पाहायचा म्हणजे काय पाहायचं? आम्ही रशेस, म्हणजे शूटवरून आलेलं कच्चं चित्रण, बघतो तेव्हा एकाच वाक्याचे सहा-सात टेक समोर असतात. त्यातला ओके (ठेवायचा) कुठला आणि एनजी (टाकायचा) कुठला हे सेटवर लिहून आलेलं असतं, पण टेबलावर पुष्कळदा ते उलटंपालटं होतं. वाक्य चांगलं म्हणणारे नट भरपूर सापडतात. ऐकणारे कमी. समोरचा बोलत असताना कॅमेरा नटावर आहे आणि त्याच्या डोळ्यांत फक्त ‘माझी पाळी कधी येते’ एवढंच असेल, तर तो शॉट वापरता येत नाही. मग आम्ही चोऱ्या करतो. ‘ॲक्शन’ म्हणायच्या आधी कॅमेरा सुरू असतो, नट बेसावध असतो, कुठेतरी बघत असतो. तेवढे दीड-दोन सेकंद उचलून ‘ऐकण्याचा’ शॉट म्हणून लावतो. प्रेक्षकाला वाटतं, वा, काय बोलका चेहरा! चेहरा बिचारा चहाची वाट बघत होता.

म्हणून नटाबद्दल मत बनवताना त्याच्या गाजलेल्या संवादांकडे जाऊ नका. तो गप्प असताना आणि दुसरा बोलत असताना शॉट किती वेळ टिकतो ते बघा. दिग्दर्शकाने आणि संकलकाने त्याच्यावर थांबायची हिंमत केली असेल, तर तिथे टिकण्यासारखं काहीतरी आहे. वाक्यावाक्याला कट पडत असतील, तर काहीतरी झाकलं जातंय असा संशय घ्यायला हरकत नाही. हा नियम नव्हे. पण बहुतेक वेळा चालतो.

या कसोटीवर मी गिरीश कुलकर्णींचं सर्वांत वरचं काम ‘देऊळ’मधलं मानत नाही. ते ‘गाभ्रीचा पाऊस’मधलं आहे. सतीश मनवर यांचा 2009 चा हा सिनेमा तुमच्या मित्रांनी पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी. विदर्भातला कापूस पिकवणारा किसना, त्याची बायको अलका म्हणजे सोनाली कुलकर्णी, आई म्हणजे ज्योती सुभाष आणि लहान मुलगा दिनू. गावातल्या एका शेतकऱ्याने जीव दिलाय. अलकाच्या मनात धास्ती बसते की आपला नवराही तेच करील, आणि ती सासूला व पोराला त्याच्यावर नजर ठेवायला लावते. आता किसना जाईल तिथे पोरगं मागे. घरात त्याच्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलतात.

ही मांडणी मोठी अवघड आहे. प्रेक्षकाला सतत शंका हवी की हा माणूस मनात काही ठरवून बसलाय का, आणि त्याच वेळी पाळतीच्या त्या प्रकाराला हसूही यायला हवं. बहुतेक नटांनी इथे खांदे पाडले असते, नजर शून्यात लावली असती. कुलकर्णींनी किसनाला दुःखी केलेलंच नाही. त्याला वैतागलेला केलंय. त्याच्या डोक्यात बियाणं आहे, उधारी आहे, आभाळ आहे. मरणाचा विचार करायला त्याला फुरसत कुठाय! घरचे असे का वागतायत हे त्याला कळत नाही, आणि त्या न कळण्याची चिडचिड खरी वाटते. पाऊस लांबतो, पेरणी वाया जाते, तेव्हाही तो आभाळाकडे बघून हंबरडा फोडत नाही. हिशोब चुकलेल्या माणसासारखा नुसता उभा राहतो. अलकाची भीती सोनाली कुलकर्णींच्या चेहऱ्यावर इतकी उघड असते की दोघं एका फ्रेममध्ये आले की आपण भीतीही बघतो आणि तिचा पत्ता नसलेला माणूसही. असा टू-शॉट, म्हणजे दोघांना एकत्र दाखवणारा शॉट, कापायचा नसतो. तिथे संकलकाने हात बांधून बसायचं.

बोलीचंही सांगतो. किसनाचं वऱ्हाडी आणि ‘देऊळ’मधल्या केश्याचं बोलणं मित्रांना एकसारखं वाटत असेल, तर ते दोन्ही सिनेमे एका बैठकीत ऐकायला सांगा. किसना वाक्य अर्ध्यावर टाकून देतो, कारण पुढचं बोलून उपयोग नाही हे त्याला माहीत आहे. केश्या वाक्य संपलं तरी बोलत राहतो, कारण ऐकणारा आपल्याला सोडून जाईल अशी त्याला धाकधूक असते. शहरी कानाला दोन्ही ‘गावाकडचं’ एवढंच ऐकू येतं. त्यात दोष कानाचा.

‘देऊळ’कडे येतो. 2011 चा सिनेमा, दिग्दर्शक उमेश कुलकर्णी. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला विभागून मिळाला. गिरीश कुलकर्णींना अभिनयाचा आणि संवादलेखनाचाही मिळाला. करडी नावाच्या गाईवर जीव असलेल्या केश्याला भर दुपारी झाडाखाली दत्त दिसतो आणि मंगरूळ गावाचं नशीब पालटतं. पहिल्या अर्ध्या तासात केश्या दर्शनाचं सांगतो, ते पुन्हा बघा. लोक हसतील ही भीती आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही ही तगमग, दोन्ही एका दमात आहेत. दिलीप प्रभावळकरांच्या अण्णांसमोर तर तो शाळकरी पोर होतो. पुढे देऊळ उभं राहतं, दुकानं लागतात, भाऊच्या भूमिकेत नाना पाटेकर जोरात सुटतात, आणि केश्या कडेला जातो. कथेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, ज्याला देव दिसला त्यालाच देवळात जागा नाही. पण सिनेमा त्या भागात इतक्या गमतीजमती गोळा करतो की केश्याच्या आत काय चाललंय ते बघायला सवड उरत नाही. थट्टा इतकी ताणायची गरज होती का, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पुरस्कार योग्यच. पण दिला गेला तो मुख्यतः पहिल्या भागातल्या कामाला, असं माझं मत.

आता ‘अग्ली’. अनुराग कश्यप यांचा हा सिनेमा 2013 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात दाखवला गेला आणि आपल्याकडे 2014 च्या डिसेंबरात लागला. ‘सगळीकडे तोच’ म्हणणाऱ्याला त्यातला पोलीस ठाण्यातला एक सीन दाखवावा, बाकी काही बोलू नये. गाडीतून एक लहान मुलगी नाहीशी झालीय. तिचा बाप आणि त्याचा मित्र तक्रार द्यायला आलेत. समोर इन्स्पेक्टर जाधव, म्हणजे कुलकर्णी. बाप धडपडणारा नट आहे, मित्र कास्टिंग करतो. जाधवला मुलीत रस दिसतच नाही. तो यांच्या नावांच्या मागे लागतो, खरं नाव कुठलं आणि पडद्यावरचं कुठलं. मग फोन येतो तेव्हा स्क्रीनवर फोन करणाऱ्याचा फोटो कसा काय दिसतो, हे त्याला समजून घ्यायचं असतं. सीन लांबतच जातो. आपण खुर्चीत चुळबुळतो, एकदा हसतो आणि हसल्याची लाज वाटते.

जाधवही बडबड्या आहे, केश्याही बडबड्या आहे. फरक एवढाच की केश्याच्या बोलण्यात त्याला स्वतःला काहीतरी हवं असतं, आणि जाधव बोलतो ते समोरच्याचं वजन कमी करायला. सत्ता असलेल्या माणसाला घाई नसते. आपल्यापैकी जो कुणी कधी हरवल्याची, चोरीची तक्रार द्यायला ठाण्यात गेला असेल, त्याने हा संथपणा भोगलेला आहे. कुलकर्णी जाधवला दुष्ट करत नाहीत. फोटोबद्दलचं त्याचं कुतूहल अगदी खरं आहे, आणि म्हणून अंगावर येतं. त्यात तो सारखा ऐकत असतो. मित्राच्या एका तुटक उत्तरावर त्याची मान किंचित वळते, प्रश्न तिथून फुटतो. हे आधी पाठ करून येत नाही.

मग मित्रांचं म्हणणं पूर्णच चूक का? नाही. कुलकर्णींच्या कामात एक खोड आहे आणि चाहत्याने ती आधी बघावी. ते स्वतः लिहितात. ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ या सगळ्यांच्या लेखनात त्यांचा हात आहे, आणि त्यांचं लेखन कानाचं आहे, म्हणजे गावातला माणूस वाक्य कुठे वळवतो ते त्यांना अचूक सापडतं. पण स्वतःचं सापडलेलं वाक्य स्वतः म्हणताना नटाला त्याचा मोह होतो. वाक्याच्या शेवटी एक छोटा उठाव येतो, जणू लेखक मागून डोकावून बघतोय की बसलं का नीट. ‘जाऊ द्या ना बाळासाहेब’मध्ये 2016 साली लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका तिन्ही त्यांच्याकडे होतं. पुढाऱ्याच्या पोराला नाटकाचा नाद लागतो आणि त्यातून त्याला स्वतःचा शोध लागतो, ही कल्पना मला फार आवडते. मात्र बाहेरून ‘हे वाक्य नको’ म्हणणारा कुणी असता तर बाळासाहेबाचं रिकामपण आणखी भिडलं असतं. उमेश कुलकर्णी किंवा मनवर यांच्यासारखा दिग्दर्शक समोर असला की हा नट जास्त गप्प बसतो, आणि गप्प बसला की जास्त चांगला दिसतो. ‘विहीर’मधलं त्यांचं काम छोटं आहे, सिनेमा त्या दोन पोरांचा आहे, पण कुठेही लक्ष वेधून घ्यायची धडपड नाही.

एक गल्लत टाळायला हवी. भूमिका पोकळ असणं आणि अभिनय पोकळ असणं या वेगळ्या गोष्टी. ‘दंगल’मधला त्यांचा प्रशिक्षक आठवा. बापाच्या वाटेत आडवं येण्यापलीकडे त्या माणसाला लेखनात दुसरं कामच ठेवलेलं नाही. शेवटी तर त्याला बापाला खोलीत कोंडून ठेवण्याच्या पातळीवर नेलंय. तिथे नट अहंकार आणि थोडा बावळटपणा एवढंच देऊ शकतो, आणि तेवढं त्यांनी दिलं. हिंदीत मराठी नटाला मिळणाऱ्या अशा इन्स्पेक्टर-पुढारी-प्रशिक्षकांच्या कामांवरून त्याला तोलणं अन्यायाचं होईल. तसं ‘अग्ली’तलं कामही कागदावर इन्स्पेक्टरचंच होतं म्हणा.

आता संथपणाचं. सगळे संथ सिनेमे एका कारणाने संथ नसतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा लांब आणि स्थिर ठेवलेला असतो, कारण खटल्याची तारीख पडते, पुन्हा पडते, आणि त्या यंत्रणेत चेहऱ्यांना महत्त्व नाही हेच दाखवायचं आहे. 2014 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ओरिझोंती विभागात तो पहिला आला, तेव्हा तिकडच्या प्रेक्षकाला आपले कायदे माहीत असण्याचं कारण नव्हतं. फ्रेम पुरेशी होती. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी कलमांमागून कलमं एकसुरी वाचत जातात, मग तीच बाई लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल बोलते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. एनएसडीत (दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) शिकलेल्या नटीने ‘मी अभिनय करत नाहीये’ हे इतकं सातत्याने सांभाळणं फार कष्टाचं आहे. त्याच सिनेमात आरोपी नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते होते, व्यवसायाने नट नव्हते. दोघांना एकाच मापाने ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळं होणं हा आळस आहे. साथीदारांनी आपलं आयुष्य सोबत आणलं होतं, आणि गीतांजली कुलकर्णींनी आपल्यापासून कोसभर लांबचं आयुष्य अंगावर चढवलं.

हीच गोष्ट ‘फँड्री’मध्ये आणखी उघड दिसते. नागराज मंजुळे यांनी जब्या या शाळकरी पोराच्या भूमिकेसाठी कॅमेऱ्यासमोर कधी न आलेला सोमनाथ अवघडे घेतला आणि त्याच्या बापाच्या, कचरूच्या भूमिकेत किशोर कदम. कदम नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या तालमीतले, शिवाय सौमित्र नावाने कविता लिहिणारे, म्हणजे शब्दांवर हुकूम असलेले. कचरूला मात्र शब्द जवळजवळ नाहीतच. गावातल्या माणसापुढे उभा राहिला की त्याची मान आपोआप खाली जाते. घरात पोरावर ओरडताना तीच मान ताठ. डुकराच्या मागे सगळं घर धावतंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, तेव्हा सगळे जागच्या जागी उभे राहतात. त्या स्तब्ध उभं राहण्यात कदमांच्या अंगात पळण्याचा जोर अजून शिल्लक दिसतो. बघा, हात सैल झालेले नाहीत. नवख्या पोराच्या शेजारी उभं राहून आपलं शिक्षण दिसू न देणं, आणि त्याच वेळी सीनचा भार उचलणं, हे काम पुरस्कारांच्या यादीत बसत नाही. संकलकाला मात्र कळतं, कारण नवखा पोरगा जिथे टेकागणिक बदलतो तिथे असा जाणता नट त्याच्याशी जुळवून घेत राहतो आणि कट लागतात.

तुमच्या मित्रांना पटवायचंच असेल तर ‘देऊळ’पासून सुरुवात करू नका, तो त्यांनी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला असणार आणि मत पक्कं झालेलं असणार. आधी ‘अग्ली’तला ठाण्याचा सीन. त्यानंतर आठवडाभराने ‘गाभ्रीचा पाऊस’, पूर्ण, मोबाइल बाजूला ठेवून. नंतर हवं तर ‘फास्टर फेणे’मधला अप्पा, म्हणजे व्यावसायिक खलनायकही हा माणूस आवाज न चढवता करू शकतो ते दिसेल. आणि एवढं झाल्यावरही कुणी म्हणालं की तोच तो वाटला, तर वाद घालू नका. कोणत्या सीनमध्ये वाटला ते विचारा. सीनचं नाव घेता आलं तर पुढे बोलण्यात मजा आहे. मलाही ‘बाळासाहेब’मधले दोन-तीन सीन तुमच्या मित्रांच्या बाजूने मोजावे लागतील.